निशाणी ब

दोघांनी धरून आणलं ते चित्र
जिन्यावरून, चादरीत गुंडाळून,
मडगावच्या मामलेदार कचेरीत.
भाटकारांचे वकील म्हणाले, सावकाश,
शंभर वर्षांचं आहे.
मी खुर्ची पुसून दिली. चित्राला.
आपोलीन उभीच होती.

कुडतरीचं शेत, तैलरंगात.
वर दोन हिस्से आकाश,
उरलेल्या एकात बांध, मानस, खाजनातलं पाणी
आणि टेंभावर घर:
खिडक्या मोजता येतात, अकरा.
शिंपल्यांच्या तावदानांवर कलत्या उन्हाचा चट्टा,
प्रत्येकीला वेगळा.
कुत्र्यालासुद्धा सावली दिलेली.
शेतात तीन तांबडे ठिपके.
वाकलेले असावेत.
इतक्या हिरव्यात थोडं तांबडं लागतंच,
असं मला पुढे एका ड्रॉइंग मास्तरांनी सांगितलं.

वकिलांचं म्हणणं साधं होतं.
अर्जदार म्हणते, चार पिढ्या आम्ही इथेच.
मग पाहा, माडांच्या पलीकडे,
जिथे ती आपलं घर सांगते, तिथे काय आहे?
गवत.
चितारी लिस्बनहून आलेला पाहुणा,
त्याला खोटं रंगवून काय मिळणार?
मामलेदारांनी चष्मा काढून पाहिलं,
मग चष्मा लावून.
गवत होतं. उत्तम गवत.

मला दिसलं ते इतकंच
की हे सगळं वरून दिसतंय.
बांधावर उभं राहिलं की टेंभ डोक्यावर येतो,
इथे तो पायाखाली.
चितारी गॅलरीत बसला असणार,
शेजारी कॉफी,
आणि कुणीतरी हात लांब करून सांगत असणार
आमचं कुठवर.
त्या गॅलरीतून पाठी दिसतात, तोंडं नाही.
पण कारकुनाने असं बोलायचं नसतं.

तुझं घर दाखव, वकील म्हणाले.
ती पुढे झाली.
शिपाई ओरडला, हात लावू नको.
तिने हात पदरात गुंडाळले
आणि हनुवटीने दाखवलं.

गवताच्या कडेला एक झाड.
बारीक, वेडंवाकडं, पांढऱ्या फुलांचं;
चिताऱ्याला आवडलं असावं,
पान न् पान काढलंय.

मशिंग, ती म्हणाली.
मशिंग आपशीं किल्लना, सायबा.

शेवगा आपला आपण उगवत नाही.
फांदी कुणीतरी तोडून रोवावी लागते,
बुडाशी चुलीतली राख टाकावी लागते,
आणि शेंगा काढायला
सकाळी दाराबाहेर यावं लागतं.
दार लागतं.

वकील हसले. झाड हा पुरावा नव्हे.
मामलेदार माझ्याकडे बघून म्हणाले, लिहा.
काय लिहू, सर?
पंखा फिरत राहिला.
मी लिहिलं:
साक्षीदाराने चित्रातील एक झाड ओळखले.
एवढंच मावलं त्या ओळीत.
खाली तिचा अंगठा.

मग चित्र उलटं करून
पाठीला गोंदाने चिठ्ठी लावली, निशाणी ब.
तिथे घर नव्हतं, आकाश नव्हतं,
जाडंभरडं कापड होतं
आणि चौकटीला सुताराने पेन्सिलीने मारलेली एक फुली,
वरची बाजू कळावी म्हणून.

तारीख पडली. तिच्या पुढेही पडली.
निकाल लागला तेव्हा माझी बदली डिचोलीला झालेली.

पण त्या दिवशी मी खाली विडी ओढायला गेलो होतो.
चित्र जीपमध्ये चढवत होते.
धरणाऱ्या दोघांत एक तिचा पुतण्या,
हे मला तेव्हा कळलं,
ती फाटकातून म्हणाली म्हणून:
मिंगेल, सांबाळून व्हर.

मागे उभा राहून त्याने चौकट छातीशी धरली,
चादर वाऱ्याने सुटली,
आणि जीप वळेपर्यंत
ते दोन हिस्से आकाश
त्याच्या हनुवटीखाली होतं.